सात मामा

माझ्या आजीला सात मामा होते आणि त्यांतल्या एकाशीही तिच्या आईचं रक्ताचं नातं नव्हतं. एक सुतार, दोघे गालिचे विणणारे, एक शाळामास्तर, एक मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर, एक शेतकरी आणि सगळ्यांत धाकटा रेल्वेत. आजी त्यांची नावं वयाच्या क्रमाने सांगायची. मध्येच थांबवून कुणी विचारलं, ‘यातला खरा मामा कोणता?’, तर ती रागवायची. ‘खरा म्हणजे काय? माझ्या आईच्या लग्नात उभे राहिले ते सगळे खरे.’

ही गोष्ट सुरू होते १८९९-१९००च्या दुष्काळात. माझी पणजी तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. दुष्काळी कामावर खडी फोडता फोडता तिची आई गेली. बाप त्याआधीच कामाच्या शोधात निघून गेला होता, तो परत आला नाही. कुणा अनोळखी माणसाने तिला बैलगाडीत घातलं आणि राहुरीला अमेरिकन मिशनच्या आवारात सोडलं. गावाचं नाव विचारलं, तर ‘नदीच्या पलीकडचं’ एवढंच तिला सांगता आलं. नगर, राहुरी, वडाळा, शिरूर, जिथे जिथे अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं होतं तिथे त्या वर्षी अशी पोरं येत होती. तिकडे केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात मुली-बायकांची संख्या दोन हजारांच्या आसपास पोचली होती. आपल्या दुष्काळांच्या इतिहासात पावसाचे आणि धान्याच्या भावाचे आकडे सापडतात. जगली-वाचलेली पोरं पुढे कुणाची झाली, हे मात्र घराघरांतल्या म्हाताऱ्यांनाच माहीत असतं.

आजीचे सात मामा त्याच आवारात वाढलेले मुलगे. मुलींची राहण्याची जागा वेगळी, पण देवळात सगळे एकत्र. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. मुलगे मोठे झाल्यावर कुणी सुतारकी शिकलं, कुणी नगरच्या मिशनच्या उद्योगशाळेत गालिचे विणायला. पणजीचं लग्न ठरलं ते शेजारच्या गावातल्या मिशनशाळेच्या मास्तरांशी. स्थळ पाळकीणबाईंनी पाहिलं. आता लग्न म्हणजे हळद आली, मांडव आला, मुलीच्या मागे उभा राहणारा मामा आला, पाठराखीण आली, पहिल्या बाळंतपणाला माहेर आलं. बाप्तिस्मा झाला म्हणून माणसाच्या या गरजा संपत नाहीत. सुताराने स्वतःच्या पैशाने लाकडी पेटी करून दिली. गालिचेवाल्या दोघांनी मिळून लुगडं घेतलं. मास्तर होणाऱ्याकडे काहीच नव्हतं, त्याने नव्या संसाराला आपलं बायबल दिलं. पाठराखीण म्हणून गेली ती मिशनच्या कामात असलेली एक विधवा बायबल बाई. पुढे आजीचा जन्म झाला तो तिच्याच घरी, राहुरीला. डिंकाचे लाडू तिने केले, शेक-शेगडी तिने केली, सव्वा महिन्याने बाळंतिणीची ओटीही तिनेच भरली. आमच्या घरात ‘राहुरीची आई’ असा जिचा उल्लेख होतो ती हीच. तिची कबर कुठे आहे ते मला दाखवलेलं आहे.

भाऊबीज आमच्यात नव्हती. तिची जागा नाताळच्या दुसऱ्या दिवसाने घेतली. त्या दिवशी मामा यायचे. जो येऊ शकत नसे तो मनीऑर्डर पाठवायचा. आजीला आठवत होतं, रेल्वेतले मामा एकदा रात्रपाळी करून थेट आले आणि ओसरीवर बसल्या बसल्या झोपले. त्यांच्या हातातला खाऊ काढून घ्यायला कुणी धजेना.

या गोष्टी मी लहानपणी प्रेमाच्या गोष्टी म्हणून ऐकल्या. पुढे मिशनचा इतिहास वाचताना मला त्यांतली गरज दिसू लागली. मराठी मुलखात माणूस नात्यांनीच जगतो आणि नात्यांच्या हातीच संपतो. जो ख्रिस्ती झाला त्याची ही सगळी दारं एकाच दिवशी बंद होत. ब्राह्मण घरात तर जिवंत माणसाच्या नावाने घट फोडून अंघोळ करत. तो मेला असं समजून घर पुढे चालायचं. १८५०च्या कायद्याने धर्म बदलला तरी वारसाहक्क जाणार नाही अशी तरतूद केली. कागदावर जमीन शाबूत राहिली. पण आजारपणात उशाशी कोण बसणार आणि मेल्यावर खांदा कोण देणार, हे सरकारला ठरवता येत नव्हतं. महारवाड्यातल्या माणसांची तऱ्हा थोडी निराळी. तिथे एका घरातले दोघे ख्रिस्ती आणि तिघे नाहीत असं चालायचं, येणंजाणं राहायचं. पण वतन आणि बलुत्याचा प्रश्न आला की भाऊबंद ‘तू आता आमच्यातला नाहीस’ म्हणायला मोकळे.

म्हणून नगरची पहिली मंडळी, म्हणजे ख्रिस्ती उपासकांचा समुदाय, कुठून उभी राहिली हे मला फार मोलाचं वाटतं. १८३१च्या अखेरीला अमेरिकन मिशनरी नगरला आले. त्यांच्याबरोबर बाबाजी नावाचा ब्राह्मण ख्रिस्ती होता. गावातल्या निराधारांसाठी एक अनाथगृह होतं, त्याची देखरेख त्याच्याकडे आली. आंधळे, पांगळे, आजारी, ज्यांना कुणी नाही असे लोक तिथे राहत. १८३३ साली नगरात जी मंडळी स्थापन झाली तिचे सुरुवातीचे सभासद बरेचसे याच अनाथगृहातले. बाबाजी त्याच वर्षी वारला. हॉलिस रीड या मिशनऱ्याने त्याचं चरित्र लिहिलं, ते १८३६ साली अमेरिकेत छापलं गेलं. नगरच्या ख्रिस्ती समाजाचे पूर्वज कोण, असं कुणी विचारलं तर मी त्या अनाथगृहाकडे बोट दाखवीन. पुढे मोठी देवळं झाली, शाळा झाल्या, १९४७ साली भास्करराव हिवाळ्यांनी कॉलेज काढलं. या सगळ्याचा मला अभिमान आहे. पण मूळ तिथलं आहे, ज्यांना घरच नव्हतं त्यांच्यातलं.

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आमच्या घरात दोनदा विकत घेतलं गेलं, कारण पहिली प्रत हाताळून फाटली. नारायण वामन टिळकांनी १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार दुभंगला. काही वर्षं त्या माहेरच्या माणसांत राहिल्या, मग नवऱ्याकडे आल्या. पण आपलं सोवळं, आपलं पाणी, आपली चूल वेगळी ठेवून. ते एकेक कसं सुटत गेलं हे त्यांनी इतक्या मोकळेपणाने लिहिलंय की वाचताना त्या शेजारच्या खोलीत बोलताहेत असं वाटतं. १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. त्यानंतर ज्या बाईला कुणाच्या हातचं पाणी चालत नव्हतं तिच्या घरात कुणाकुणाची पोरं वाढली! टिळक रस्त्यावरून मूल घेऊन यायचे आणि लक्ष्मीबाई त्याला पानावर बसवायच्या. आमचे बालकवी ठोंबरे ख्रिस्ती नव्हते, तरी नगरला त्याच घरात राहिले, जेवले, कविता लिहिल्या. शेवटी १९१७ साली साताऱ्याला टिळकांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. मिशनचं वेतन त्यांनी सोडून दिलं. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार वाढू शकला नाही. आमच्या मंडळ्यांनी टिळकांची भजनं उचलली, अजून उचलून धरली आहेत. दरबाराची कल्पना मात्र तेवढ्या जोराने उचलली नाही, आणि याचं मला वाईट वाटतं.

१९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत पणजोबा गेले. तापाच्या त्या दिवसांत गावात घराघरांत माणसं पडलेली, अंगणात पाणी द्यायला कुणी उभं नाही. भाऊबंदांनी लांबून पाहिलं. त्यांनाही दोष देता येत नाही, त्यांच्या घरातही प्रेतं होती. निरोप राहुरीला कसा पोचला हे आजीला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सुतार मामा बैलगाडीतून फळ्या घेऊन आले आणि अंगणातच पेटी ठोकायला बसले. मास्तर मामांनी आणि आजूबाजूच्या वाड्यांतून चालत आलेल्या चार ख्रिस्ती माणसांनी खड्डा खणला. पाळकसाहेब स्वतः अंथरुणाला खिळलेले होते, म्हणून दफनाची प्रार्थना मास्तर मामांनीच केली. ठोकण्याचा तो आवाज आजीने दहा वर्षांच्या वयात ऐकला. पुढे आयुष्यभर घरात कुणी खिळा ठोकायला लागलं की ती बाहेर जाऊन बसायची. पणजीला आणि तीन मुलांना रेल्वेतल्या मामांनी वर्षभर पोसलं. त्यांचं स्वतःचं लग्न त्यामुळे लांबलं.

सगळंच काही दुःखाचं नाही. हंगामाच्या सणाचं आजी रंगून सांगायची. सुगी झाली की प्रत्येक घर आपल्या पिकातलं पहिलं देवळात आणायचं: बाजरी, ज्वारी, भोपळे, कोंबडी, अंडी, शेतात काही नसेल त्याची शेणाची गोवरी. उपासनेनंतर आवारात लिलाव. एखाद्या म्हातारीने आणलेलं एक अंडं कुणी घ्यायचं, पैसे भरायचे आणि अंडं परत ठेवायचं. मग दुसऱ्याने बोली लावायची. एका अंड्याने कधीकधी बैलाएवढं नाव कमावलं. लिलावाचे पैसे पाळकाच्या पगाराला आणि विधवांना जायचे. माझ्या लहानपणीही हा लिलाव होता. १९७२च्या दुष्काळात देवळात आणायला पिकंच नव्हती, तेव्हा लोकांनी रेशनच्या मिलो ज्वारीची मूठ आणली आणि लिलाव झाला. वडिलांनी ती मूठ घेतल्याचं मला आठवतं.

आता जे सांगायचं ते आजी सहसा सांगत नसे. तिच्या धाकट्या बहिणीला एक मुलगा आवडला. मंडळीतलाच, शिकलेला, नोकरीतला. त्याचे आजोबा मांगवाड्यातून ख्रिस्ती झालेले, आणि आमच्या मंडळीत बहुतेक घरं महारवाड्यातून आलेली. एकाच ताटात प्रीतिभोजन करणारी, प्रभुभोजनाचा पेला एकमेकांच्या हाती देणारी माणसं या लग्नाच्या गोष्टीवर गप्प झाली. सात मामांपैकी तोवर पाच हयात होते. तिघे लग्नाला आले नाहीत. ज्यांना स्वतःची जात ठाऊक नव्हती, ज्यांना बैलगाडीतून उतरवून आवारात सोडलं होतं, त्यांनीच पुढे आपली एक जात ठरवून घेतली होती आणि ते तिला जपत होते. सुतार मामा आले. ते नवरीच्या मागे उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांसमोर मुलाच्या आईला ‘सलाम, ताई’ म्हणून हात जोडले. न आलेल्या तिघांपैकी एक जण पहिल्या नातवाच्या बाप्तिस्म्याला आला. दोघे कधीच आले नाहीत.

मला ही गोष्ट लपवावीशी वाटत नाही. मंडळीतलं नातं बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबर आपोआप येतं असं आमचे काही उपदेशक सांगतात. माझ्या घरातल्या म्हाताऱ्यांचं आयुष्य तसं सांगत नाही. पेटी ठोकून, लाडू करून, लांबच्या गावाला चालत जाऊन ते नातं कमवावं लागलं, आणि जिथे कुणी पाऊल मागे घेतलं तिथे ते त्याच दिवशी संपलं. १९७०च्या २९ नोव्हेंबरला नागपूरला वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा वडिलांना फार आनंद झाला होता. आजी एवढंच म्हणाली, ‘कागद एक झाले, बरं झालं. आता सोयरिकी होऊ द्या.’

आम्ही आता पिंपरीला असतो. आमच्या मंडळीत निम्मी घरं नगर जिल्ह्यातून कारखान्यांसाठी आलेली. अलीकडे नर्सिंग शिकणाऱ्या मुली येतात, त्यांत नवापूरकडच्या मावची मुली बऱ्याच. त्या देवळात मागे बसतात आणि उपासना संपली की पटकन होस्टेलवर जातात. महिला मंडळाने त्यांना रविवारी दोन-दोन करून घरी जेवायला न्यायचं ठरवलं. पहिल्या यादीत काही घरांनी नाव दिलं नाही. कारणं वेगवेगळी सांगितली गेली, मला ती ओळखीची वाटली. आईने त्या घरांच्या वाट्याच्या मुली आमच्याकडे घेतल्या आणि पुढच्या महिन्यात यादी घेऊन त्यांच्याच दारात पुन्हा गेली. आता एक घर सोडून सगळ्यांची नावं आहेत.

पावसाळ्यात त्यांतल्या एकीला डेंग्यू झाला. चार रात्री तिच्याजवळ बायका आळीपाळीने बसल्या, डबे वेगवेगळ्या घरांतून गेले. तिचे वडील नवापूरहून एसटीने रात्रभर प्रवास करून सकाळी पोचले, तेव्हा मुलीच्या खाटेशी माझी आई होती. त्यांनी सलाम केला, पिशवीतून घरचे तांदूळ काढून आईच्या हाती दिले. मग दोघं व्हरांड्यातल्या बाकावर बसून तिकडे यंदा भाताची लावणी कशी झाली आणि आमच्या नगरकडे बाजरीला पाऊस पुरला का, हे बोलत राहिले. डॉक्टर आले तेव्हा त्यांनी दोघांनाही आत बोलावलं.