सेगाव, वर्धा आणि एक चौकटी कंस

मागे एका शनिवारी हौसेनं एक्सेल शीट करायला बसलो: गांधीजींनी वर्ध्याहून लिहिलेली पत्रं. साधन म्हणजे सरकारने छापलेले 'कलेक्टेड वर्क्स', १०० खंड. (सगळे वाचलेत असा दावा नाही!)

पहिली ठेच गावाच्या नावाला. 'सेवाग्राम' शोधलं तर १९३६ ते ४० ची पत्रं जवळजवळ गायब. कारण तेव्हा गावाचं नावच सेगाव होतं. टपाल चुकून बुलढाण्याच्या शेगावला जायचं, म्हणून १९४० मध्ये नाव बदललं. ठीक, दोन्ही नावं शोधली.

दुसरी ठेच मात्र माझी स्वतःची. काही तारखा चौकटी कंसात होत्या. तारखेचा कॉलम कंस घेईना, म्हणून मी ते सरळ उडवले. नंतर खंडाच्या सुरुवातीची वाचकांसाठीची टीप वाचली. मूळ पत्रावर तारीख नसेल तर संपादकांनी अंदाजाने दिलेली तारीख कंसात! म्हणजे संपादकांचा अंदाज मी पक्का करून टाकला होता. पत्राखालच्या 'एस. एन.', 'जी. एन.' या अक्षरांचंही तेच. एस. एन. म्हणजे साबरमती संग्रहालय, जी. एन. म्हणजे दिल्लीची गांधी स्मारक निधी. हे प्रत्येक पत्राखाली कोण लिहीत बसणार? खंडाच्या दाराशी एकदाच लिहिलं, आतल्या शेकडो पत्रांनी ते वारसाहक्काने घ्यायचं. आपल्या भाषेत पेरेंट क्लास.

माझी चूक माझ्या लॅपटॉपपुरती होती. या खंडांचं तसंच काहीसं फार मोठ्या प्रमाणावर झालं. पहिला खंड १९५८ चा, शंभरावा १९९४ चा. उशिरा सापडलेला मजकूर ९१ ते ९७ या पुरवणी खंडांत, ९८ आणि ९९ मध्ये सूच्या, आणि १०० व्यात सर्व खंडांच्या प्रस्तावना एकत्र. २०००-०१ च्या सुमारास सुधारित आवृत्ती निघाली तेव्हा पुरवणीतला मजकूर तारखेप्रमाणे मधे घातला गेला. सॉर्ट बाय डेट! खरं सांगतो, मीही तेच केलं असतं. पण त्याने खंडांची हद्द सरकली आणि चाळीस वर्षांच्या पुस्तकांतले 'खंड अमुक, पान तमुक' हे संदर्भ भलत्याच पानावर जाऊ लागले. प्रस्तावना वगळल्या गेल्या, काही नोंदीही गळाल्या. अभ्यासकांनी आवाज उठवला आणि २००५ मध्ये सरकारने ती आवृत्ती मागे घेतली.

आता गांधी हेरिटेज पोर्टलवर मूळ १०० खंड पानांसकट बघायला मिळतात. माझी शीट मी पहिल्यापासून करतोय. यावेळी खंड, पान, तळाची ओळ, आणि कंसासाठी एक वेगळा कॉलम.