कामठीचा खडक आणि मातीत झिरपणारा पाऊस

१८२१ मध्ये ब्रिटिशांनी कन्हानकाठी लष्करी छावणी वसवली, तीच कामठी. पुढे भूशास्त्राने या गावाचे नाव एका खडकालाही दिले. मिशनरी स्टीफन हिस्लॉप (नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे) कामठी-सिलेवाड्याच्या दगडखाणींतून वनस्पतींचे जीवाश्म गोळा करीत. रॉबर्ट हंटर यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात आला.

या भरड वालुकाश्माखाली कोळसा आहे. उघड्या खाणीत तिथवर पोहोचण्यासाठी वरचा खडक फोडून बाजूला रचतात. कामठी, गोंडेगाव येथील कृत्रिम टेकड्या त्यातूनच उभ्या राहिल्या. फोडलेल्या खडकातून पाणी सहज उतरते आणि वाटेतले क्षार विरघळवीत भूजलाकडे जाते. म्हणून अशा ढिगांवर मातीचे आवरण घालतात. पण ते पाणी अडवते की नाही, हे कसे कळावे?

युक्ती जुनी आहे. १६८८ मध्ये पॅरिसला फिलिप द ला हीर यांनी शिशाचे भांडे मातीखाली पुरून झिरपलेले पाणी मोजले. तेव्हा प्रश्न होता, झऱ्यांचे पाणी पावसाचेच का? अणुसिद्धान्तवाले जॉन डाल्टन यांनीही १७९६ मध्ये मँचेस्टरला हाच प्रयोग मांडला. १८७० मध्ये इंग्लंडातील रॉथॅमस्टेडला २०, ४० आणि ६० इंच खोलीची तीन मापके बसवली, तीही आतली माती न हलवता. खरी प्रगती या शेवटच्या अटीत होती. या साधनास लायसीमीटर म्हणतात.

खाणीच्या ढिगांवरील त्याचे गाजलेले उदाहरण ऑस्ट्रेलियातील रम जंगल या युरेनियम खाणीचे. १९८० च्या दशकात तेथील ढीग झाकले गेले. पावसाचा ५ टक्क्यांहून कमी भाग आत जावा, हे उद्दिष्ट. आरंभी ते साधले, पुढे आकडा वाढत गेला. पुरलेल्या मापकांवाचून हे वरून दिसले नसते.

मापकही फसवते. भांड्याच्या कडा बुटक्या असल्या, तर भोवतालचा कोरडा थर पाणी ओढून घेतो, भांड्यात कमी पडते आणि आवरण आहे त्याहून चांगले भासते.

नागपूर परिसरात वर्षाला सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्याचे ५ टक्के म्हणजे हेक्टरी साडेपाच लाख लिटर. शिवाय इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांतून थेट खाली उतरतो.