टर्मिनल अनुकरणातील हॉटस्पॉट

मध्यवर्ती संगणकाशी जोडलेल्या टर्मिनलाचे कार्य वैयक्तिक संगणकावरील आज्ञावलीकडून करवून घेणे, यास टर्मिनल अनुकरण म्हणतात. अशा आज्ञावलीच्या पडद्यावरील ज्या मजकुरावर माऊसने टिचकी मारली असता एखादी कळ दाबल्याचा परिणाम घडतो, त्या जागेस हॉटस्पॉट ही संज्ञा आहे. मध्यवर्ती संगणकास माऊसचा पत्ताही नसतो. त्याच्या लेखी कळच दाबली गेलेली असते. हॉटस्पॉटची उपयुक्तता आणि त्यातील धोका ही दोन्ही या अज्ञानातून उद्‌भवतात.

या विषयाचा इतिहास मुख्यत्वे आयबीएम कंपनीच्या ३२७० या टर्मिनल मालिकेशी निगडित आहे. ही मालिका १९७१ मध्ये जाहीर झाली. तिच्या प्रचलित पडद्यावर २४ ओळी व प्रत्येक ओळीत ८० अक्षरे, म्हणजे एकूण १,९२० अक्षरे मावत. पडदा छापील अर्जासारखा क्षेत्रांमध्ये विभागलेला असे. कारकुनाने क्षेत्रे भरून एंटर अथवा एखादी कार्यकळ दाबली, की बदललेली क्षेत्रे एकत्रितपणे मध्यवर्ती संगणकाकडे जात आणि कोणती कळ दाबली हे सांगणारा एक संकेत त्यांच्या अग्रभागी असे.

पडद्यावर बोट ठेवून निवड करण्याची कल्पना या मालिकेत प्रारंभापासून होती. डग्लस एंगेलबार्ट यांनी १९६८ मध्येच माऊसचे जाहीर प्रात्यक्षिक केले होते; तथापि ३२७० साठी आयबीएमने प्रकाशलेखणीचा पर्याय दिला. प्रकाशलेखणीने निवडता येणारे क्षेत्र मूळ आज्ञावलीच घोषित करी. क्षेत्राच्या आरंभी ‘?’ हे चिन्ह असल्यास लेखणी टेकविताच त्याचे ‘>’ होई व निवड नोंदली जाई; ‘&’ असल्यास संदेश तत्काळ रवाना होई. काय निवडता येईल हे पडदा रचणाराच ठरवीत असल्याने गैरसमजास फारसा वाव नव्हता.

आयबीएमचा वैयक्तिक संगणक १९८१ मध्ये बाजारात आला आणि पुढच्याच वर्षी डीसीए कंपनीच्या ‘इर्मा’ या जोडपट्टीमुळे त्यावर ३२७० चे अनुकरण शक्य झाले. मात्र कळफलक जुळत नव्हते. मध्यवर्ती संगणकावरील आज्ञावली २४ पर्यंत कार्यकळा गृहीत धरीत, तर मूळ वैयक्तिक संगणकावर त्या अवघ्या १० होत्या. १९८६ च्या सुमाराच्या सुधारित कळफलकावर त्या १२ झाल्या. उरलेल्या कळांसाठी दोन कळा एकदम दाबण्याच्या युक्त्या पाठ कराव्या लागत. जुन्या कारकुनांच्या बोटांना त्या सवयीच्या झाल्या. नवख्यांची मात्र अडचण होई.

तिचे निवारण सुकर झाले ते एका वेगळ्याच कारणाने. आयबीएमने १९८७ मध्ये आपल्या सर्व यंत्रणांसाठी पडद्यांच्या रचनेचे समान संकेत प्रसृत केले. एफ१ म्हणजे साहाय्य, एफ३ म्हणजे बाहेर पडणे, एफ१२ म्हणजे रद्द करणे, असे अर्थ स्थिर झाले आणि पडद्याच्या तळाशी ‘एफ३=बाहेर’ या धर्तीची ओळ छापण्याचा प्रघात रूढ झाला. माणसासाठी छापलेली ही ओळ आता अनुकरण आज्ञावलीलाही वाचता येऊ लागली. विंडोज ३.० (१९९०) नंतर माऊस कार्यालयोपयोगी संगणकाचा नित्याचा भाग झाला, तेव्हा हॉटस्पॉटची सोय प्रसार पावली.

तिची कार्यपद्धती साधी आहे. टिचकीचे स्थान ओळ व स्तंभ यांत रूपांतरित केले जाते, तेथील मजकूर ठराविक नमुन्यांशी ताडून पाहिला जातो आणि जुळल्यास संबंधित कळ पाठविली जाते. कळांची नावे, निवडयादीतील अनुक्रमांक, तसेच वापरणाऱ्याने स्वतः नेमलेले शब्द असे नमुने ठरविता येतात. काही आज्ञावलींत ही स्थळे उठावाच्या बटणांसारखीही दाखविता येतात.

अडचण अशी, की ही सर्व रचना तर्कावर उभी आहे. मालाच्या यादीत ‘एफ३’ हा सांकेतिक क्रमांक आला, तर ढिलाईने लिहिलेला नमुना त्यालाही कळ समजतो आणि एका टिचकीसरशी अर्धवट भरलेला अर्ज बंद होतो. म्हणून कळेच्या नावापुढे ‘=’ चिन्ह अनिवार्य करणे, शोध तळाच्या ओळींपुरता मर्यादित ठेवणे आणि एकेरीऐवजी दुहेरी टिचकी मागणे, हे उपाय इष्ट ठरतात. मजकुराऐवजी निव्वळ ओळ-स्तंभांवर बांधलेले स्थळ तर सर्वांत तकलादू. मूळ पडद्यात एक ओळ वाढली, की ते भलत्याच ठिकाणी बोट ठेवते. प्रकाशलेखणीच्या तुलनेत हॉटस्पॉट विश्वासार्हतेत उणा आहे, हे मान्य करावे लागते. परंतु पडद्यामागील जुन्या आज्ञावलीत एका अक्षराचाही बदल न करता तो वापरता येतो, आणि अशा आज्ञावलींत फेरफार करणे किती खर्चाचे व जोखमीचे असते हे जाणणाऱ्या कार्यालयांनी त्याला पसंती दिली यात नवल नाही.

युनिक्स परंपरेत निराळा मार्ग अवलंबिला गेला. तेथे १९८४ मध्ये सुरू झालेल्या एक्सटर्म या आज्ञावलीत टिचकीचे स्थान संकेतमालेच्या रूपाने थेट चालू आज्ञावलीस कळविण्याची सोय पुढे आली. अर्थ लावणे तिच्याकडेच राहिले. २०१७ पासून काही टर्मिनल आज्ञावलींनी मजकुरासोबत दुव्याचा पत्ता पाठविण्याची पद्धतही स्वीकारली. तीत टिचकीयोग्य भाग कोणता हे मजकूर पाठविणारी आज्ञावलीच घोषित करते.