महाबळेश्वरची हवा

उन्हाळा लागला की थंड हवेच्या ठिकाणी जाणे ही गोष्ट आपल्या मध्यम वर्गात आता इतकी रूढ झाली आहे की, तिलाही काही इतिहास असेल हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. आपली करमणूक आपणच निवडतो, असा आपला समज असतो. परंतु त्या निवडीत डोंगर, वारा व पाऊस यांचा वाटा केवढा असतो, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने महाबळेश्वरचा पूर्ववृत्तांत पाहावा.

इंग्रज येण्यापूर्वी हा डोंगर निर्जन होता, असे मुळीच नाही. कृष्णेच्या उगमाचे हे क्षेत्र फार प्राचीन. १६६५ साली सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी शिवाजी महाराजांनी मातोश्री जिजाबाईंची सुवर्णतुला येथेच केली. मात्र आपले पूर्वज येथे येत ते तीर्थासाठी. हवा खाण्यासाठी नव्हे.

१८२४ साली लॉडविक नावाचे लष्करी अधिकारी दाट रानातून वाट काढीत येथील एका कड्यावर पोहोचले. पुढे मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी या जागेचे महत्त्व ओळखले, आणि १८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांस खंडाळा हे गाव देऊन हा प्रदेश आपल्या सरकारकडे घेतला. नव्या वसाहतीस माल्कमपेठ हे नाव पडले. तिचा मूळ हेतू करमणुकीचा नव्हता. तापाने खंगलेल्या गोऱ्या शिपायांस व अंमलदारांस येथे बरे वाटावे, हा होता.

हिवताप दलदलीतून उठणाऱ्या दूषित वाफांनी होतो, असे त्या काळचे डॉक्टर मानीत. ही उपपत्ती चुकीची होती. डासांच्या अंगी हिवतापाचे जंतू वाढतात, हे रोनाल्ड रॉस यांनी दाखविले ते १८९७ साली. तथापि उपपत्ती चुकली तरी उपाय अगदीच चुकला नाही. कारण सुमारे ४,५०० फूट उंचीवरील गारव्यात त्या जंतूंची वाढ मंदावते. चुकीच्या कारणासाठी योग्य जागी जाऊन पोहोचल्याची अशी उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात थोडी नाहीत.

रोगी बरा होऊ लागला म्हणजे त्यास वेळ घालविण्याचे साधन हवे असते. ते साधन डोंगरानेच ठरवून दिले. माथ्यावर सपाटी, आणि तीतून निघालेल्या सोंडा एकदम कड्याशी तुटलेल्या. अशा भूमीवर सोंडेच्या टोकापर्यंत रस्ता नेणे सोपे. म्हणून सकाळ-संध्याकाळ पायी अथवा घोड्यावर 'पॉइंट' गाठणे हीच येथील मुख्य करमणूक झाली. १८४२ साली साताऱ्याच्या शहाजी महाराजांनी वेण्णा तलाव बांधविला, त्यात पुढे नावा फिरू लागल्या. हंगामही निसर्गानेच आखून दिला. येथे वर्षास दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. तेव्हा मृग लागण्याच्या सुमारास सारी मंडळी बिऱ्हाड आवरून खाली उतरत.

पूर्वेस काही कोसांवरच पाचगणी आहे. तेथे पाऊस पुष्कळच कमी, म्हणून वस्ती बारमाही. एवढ्या एका फरकाने तेथे निवासी शाळा आल्या, आणि १९१२ साली डॉ. बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले. क्षयावर रामबाण औषध नव्हते तोवर कोरडी हवा, पौष्टिक अन्न व विश्रांती हीच रोग्याची आशा होती. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, आणि तेव्हापासून त्या उपचाराचे महत्त्व ओसरत गेले.

या सुखाची किंमत कोणी दिली, हेही सांगितले पाहिजे. साहेबांचे मेणे भोयांनी वाहिले. चिनी कैद्यांनी भाजीपाला पिकविला आणि रस्त्यांवर घाम गाळला. आरोग्य वर चढले ते दुसऱ्यांच्या खांद्यांवरून. त्या खांद्यांची नावे कोणत्याही पॉइंटास मिळाली नाहीत.

मग रोगांची औषधे सापडल्यावर डोंगराचे काम संपले काय? आम्हांस तसे वाटत नाही. १९८४ साली रॉजर उल्रिक या अमेरिकन संशोधकाने पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांची तुलना प्रसिद्ध केली. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, विटांची भिंत पाहत पडलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले, व त्यांस तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. रोगी थोडे होते, तेव्हा त्यावरून फार मोठा सिद्धान्त मांडू नये. परंतु हिरवाईने मनुष्यास बरे वाटते या जुन्या अनुभवास त्याने पुष्टी मिळाली, यात संशय नाही.

२००१ साली केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणी हा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. तरीही मे महिन्यात आम्ही तेथे जातो तेव्हा मोटारींची रांग थेट कड्यापर्यंत लागलेली दिसते. लोक उतरतात, छायाचित्र घेतात आणि पुन्हा गाडीत बसतात. पूर्वीच्या रोग्यास ज्या वाटेने बरे केले ती वाट आपण धुराने भरून टाकली, आणि चालणे तेवढे वगळले. हवा पालटावयास जाणाऱ्याने निदान तेथली हवा तरी राखावी, आणि एखादा पॉइंट पायी गाठावा. डोंगराने ठरवून दिलेले पथ्य अद्यापि तेच आहे.