गोमुख मागे सरकतंय

मुरुड-दापोलीकडच्या जुन्या देवघरांत गंगेचा तांब्याचा गडू असतो, तोंड पक्कं बंद केलेला. काशीयात्रेहून आणलेला. काशीला जाणारे पुष्कळ. उगमापर्यंत कोण जातंय!

१८०८ साली वेब आणि रेपर हे इंग्रज अधिकारी उगम शोधायला निघाले, पण गंगोत्रीच्या अलीकडूनच परतले. पुढे मुन्शीला धाडलं! १८१७ मध्ये कॅप्टन हॉजसन मात्र थेट गोमुखाशी, म्हणजे हिमनदीच्या तोंडाशी पोचला. १९३५ मध्ये ऑडेन या भूशास्त्रज्ञाने त्या तोंडाचा नकाशा काढला, म्हणून पुढची मोजणी जमली. १९३५ ते १९९६ या काळात ते सुमारे ११०० मीटर मागे गेलं. म्हणजे वर्षाला अठरा-एकोणीस मीटर.

आता दिवसाला १५० जणांनाच परवानगी मिळते. भोजबासाला मुक्काम करून सकाळी वाटाड्याबरोबर निघालं, की दुपारपर्यंत गोमुख बघून परत येता येतं. शेवटचा टप्पा नुसता दगडगोट्यांचा, पाय जपून टाकावा लागतो. लोकांना तो कंटाळवाणा वाटतो. मला विचाराल तर बघण्यासारखा तोच! हॉजसनच्या वेळी तिथे बर्फ होता. वाटाड्याला जुन्या सालांच्या खुणा दाखवायला सांगा, आणि तिथून आजच्या बर्फापर्यंत पावलं मोजा.