लिंगमळ्याला कधी जावे?

पाचगणीला पाहुणे आले, की दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर एक प्रश्न हटकून येतो : “लिंगमळ्याचा धबधबा पाहायचा आहे, केव्हा निघू या?” अंतर काही फार नाही. महाबळेश्वरच्या वाटेवर बारा-तेरा किलोमीटर. वाईहून महाबळेश्वरला जाणारी एस. टी. वाटेत उतरवून देते. तेव्हा ‘कसे जावे’ हा प्रश्नच नाही. खरा प्रश्न ‘कधी जावे’ हा आहे, आणि त्याचे उत्तर पंचांगात नसून इतिहासात आहे.

आपल्याकडे डोंगरावर जायचे ते उन्हाळ्यात, हा संकेत साहेबाने घालून दिला. कर्नल लॉडविक १८२४ साली महाबळेश्वरावर चढला. १८२८ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तिथे आरोग्यस्थान वसवायचे ठरवले. तो मुलूख साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांचा. १८२९ साली वाईकडचे खंडाळा गाव महाराजांना देऊन कंपनीने डोंगर आपल्याकडे घेतला. पुढे दहाच वर्षांत, १८३९ साली, याच महाराजांना गादीवरून काढून काशीस पाठवले आणि १८४८ साली राज्यही खालसा केले, ही गोष्ट वेगळी. पण डोंगराची हवा खाताना ती विसरू नये.

माल्कम पेठेत साहेबाची वस्ती असे ऑक्टोबरपासून जूनच्या मध्यापर्यंत. पहिली सर कोसळण्याआधी सामान बांधून मंडळी खाली उतरत. बंगल्यांच्या भिंतींना पावसाच्या माऱ्यापासून वाचवण्यासाठी गवताच्या ताट्या बांधत, दारांना कुलपे लागत. म्हणजे धबधबा जेव्हा खऱ्या अर्थाने धबधबा असे, तेव्हा त्याच्याजवळ राहात ते फक्त इथले कुळवाडी, कोळी, धनगर आणि लोखंड गाळणारे धावड. सीझनचे वेळापत्रक आखणाऱ्यांनी धबधब्याचा सीझन कधी विचारातच घेतला नाही. तेच वेळापत्रक आपण आजही चालवतो, आणि मे महिन्यात कड्यावरची ओली रेघ पाहून परततो.

आपली पाचगणी या पावसामुळेच जन्माला आली, असे म्हटले तरी चालेल. महाबळेश्वर पावसाळ्यात राहण्याजोगे नाही, मग बारमाही राहता येईल असे ठिकाण कोणते, हा शोध १८६० च्या सुमारास जॉन चेसन यांना दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि ताईघाट या पाच गावांच्या माथ्यावर घेऊन आला. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून अवघ्या एकोणीस किलोमीटरवर, पाचगणीत, तो एक तृतीयांशाच्या आसपास येतो. ढग पश्चिमेकडून येतात आणि बहुतेक ओझे पहिल्याच माथ्यावर उतरवून मोकळे होतात. पाचगणीतले आपले घर कोरडे राहते ते लिंगमळा भिजतो म्हणून!

या भिजण्याचा धडा सरकारलाही मिळाला. हिवतापावरचे औषध जे क्विनाईन, ते सिंकोना झाडाच्या सालीतून निघते. हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले. नीलगिरीवर आणि दार्जिलिंगकडे त्याची लागवड साधली. म्हणून १८६० नंतरच्या दशकात सरकारने लिंगमळ्यालाही सिंकोनाची बाग घातली. पण चार महिने अखंड मारा आणि पुढचे आठ महिने जवळपास कोरडे, हे त्या परदेशी झाडाला मानवेना. थोड्याच वर्षांत बाग सोडून द्यावी लागली. पाऊस किती पडतो एवढे पाहून भागत नाही, तो कसा वाटला जातो हेही पाहावे लागते. पाहुण्यांना वेळ सांगतानाही नेमके हेच ध्यानात ठेवायचे.

पाणी येते कुठून, हेही सांगायला हवे. डोंगराचा माथा जांभ्या दगडाचा. तो स्पंजासारखा पाणी पितो आणि सावकाश झऱ्यांवाटे सोडतो. खाली काळ्या पाषाणाचे थरावर थर. कठीण थर टिकतो, मऊ झिजतो, आणि नदीच्या वाटेत पायऱ्या तयार होतात. लिंगमळ्याला वेण्णा नदी अशीच दोन पायऱ्या उतरते : वरची लहान, खालची खोल दरीत झेपावणारी. याच नदीवर वरच्या अंगाला १८४२ साली साताऱ्याचे शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनी वेण्णा तलाव बांधला. तलाव भरून सांडतो तोवर धबधबा जोरात. सांडायचा थांबला, की धबधबा रोडावला. उन्हाळ्यात कड्यावर न दिसणारे पाणी बऱ्याच अंशी महाबळेश्वर-पाचगणीच्या नळांना आलेले असते. पाहुणा मे महिन्यात “धबधबा कुठे आहे?” म्हणून विचारतो, तेव्हा त्याच्या हातातल्या पेल्याकडे बोट दाखवावे!

तर मग भर जुलैत जावे काय? नाही. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९० मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला. त्याच दिवसांत आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजाग तुटला आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव येथे दरडींखाली घरे, माणसे गेली. अशा दिवसांत धुक्यामुळे धबधबा दिसतही नाही, फक्त ऐकू येतो. प्रशासनाने वाट बंद ठेवली असेल तर हुज्जत घालू नये. त्या वेळी डोंगराची माणसे आपला जीव सांभाळण्यात गुंतलेली असतात.

उत्तम काळ म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. पाऊस ओसरलेला असतो, तलाव भरलेला असतो, झरे चालू असतात. सकाळी लवकर निघावे. रस्त्यापासून आत थोडी पायपीट आहे, तेव्हा बुटाचा तळ घट्ट पकडीचा असावा. कठड्यापलीकडे पाऊल नको. जांभ्यावरचे शेवाळ कुणाची भीड धरत नाही. आणि प्लॅस्टिकचा कागद तिथे टाकू नये. हा सारा टापू २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे, हे एक कारण. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. वेण्णा इथून मेढ्याकडे उतरते, कण्हेरच्या धरणात थांबते आणि पुढे माहुलीच्या संगमावर कृष्णेला मिळते. आपण जे वर टाकू, ते खाली कुणाच्या तरी शेतात, कुणाच्या तरी घागरीत पोचणार.

धबधबा आपल्यापुरता कड्यावर सुरू होतो आणि दरीत संपतो. नदीला तसे वाटत नाही. दिवाळीच्या सुट्टीत पाहुण्यांना घेऊन जाल, तेव्हा परतीचा एक दिवस माहुलीसाठी राखून ठेवा. सातारकर छत्रपतींच्या घराण्यातील समाध्या जिथे आहेत, त्या संगमावर हे पाणी कसे शांत होते, तेही मुलांना दाखवा.