जुन्नर शहराचें पायीं अवलोकन

पारगांव तर्फे आळे या ग्रामनामांतील ‘तर्फ’ हा शब्द जुन्या मुलकी वांटणीचा अवशेष होय. या बाजूनें, म्हणजे पूर्वेकडून, नारायणगांवावरून जुन्नरास येणारा अभ्यासक बहुधा शहरांत थांबत नाहीं. तो शिवनेरीच्या पायथ्याशीं तरी जातो, नाहीं तर कुकडी ओलांडून लेण्याद्रीस तरी जातो. जुन्नराविषयींच्या लेखनाचीही हीच तऱ्हा आहे. लेण्यांवर विपुल लिहिलें गेलें, किल्ल्यावर त्याहून अधिक. मधलें शहर मात्र तसेंच राहिलें. तें पूर्वेकडून पश्चिमेस चालत जाऊन कसें वाचावें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

युरोपांत जुन्या शहरांच्या अशा फेऱ्यांचा मोठा प्रघात आहे. इटलींतील व्हेरोना शहरीं रोमन रंगमंडल, मध्ययुगीन पूल व सरदारांचे वाडे एका सकाळींत पाहून होतात. कारण तेथें निरनिराळ्या शतकांचीं कामें एकमेकांस खेटून उभीं आहेत. जुन्नराची गोष्ट निराळी. येथें जें दगडांत घडलें तें बहुतेक शहराबाहेर, डोंगरांच्या अंगावर किंवा बागांतून राहिलें. शहर स्वतः माती, वीट व लाकूड यांचें. घर पडलें कीं त्याच पायावर दुसरें उठावयाचें. त्यामुळें येथील रस्त्यांच्या दिशा आणि पेठांचीं नांवें हीं येथील घरांपेक्षां वयानें मोठीं आहेत, असें आमचें मत आहे.

आरंभ हापूसबागेपासून करावा. येथील भव्य दगडी घुमट सौदागर घुमट या नांवानें प्रसिद्ध असून त्यासच हबशी घुमट असेंही म्हणतात. त्यावरील अरबी अक्षरांची कोरणी सावकाश पाहण्यासारखी आहे. ‘हापूस’ हा ‘हबशी’ या शब्दाचा अपभ्रंश मानतात. येथें आंब्याचा संबंध जोडण्याचें कारण नाहीं. एकाच इमारतीस व्यापाऱ्याचें आणि हबशाचें अशीं दोन नांवें चिकटावीं, यांत निजामशाही जुन्नराचें अर्धें वर्णन येऊन जातें. मलिक अहमदानें १४९० सालीं स्वातंत्र्य पुकारलें तें जुन्नराच्या बळावर. पुढें राजधानी अहमदनगरास गेली खरी. परंतु मोगलांनीं १६०० सालीं अहमदनगर घेतल्यावर मलिक अंबरानें १६०७ च्या सुमारास आपला सुलतान पुन्हा जुन्नरास आणून बसविला, व तेथून १६१० त दौलताबादेस नेला. हबशी वजीर, अरब व इराणी सौदागर आणि देशी कारागीर यांचा एकत्र वावर या शहरांत होता.

आतां शहरांत शिरावें. बुधवार, शुक्रवार अशीं वारांचीं नांवें कोणत्याही पेठबंद गांवीं मिळतील. तीं सोडून द्यावीं. कल्याण पेठेपाशीं मात्र थांबलें पाहिजे. हें नांव ज्या वाटेचें स्मरण देतें ती नाणेघाट उतरून कल्याण बंदरास जाते. घाटाच्या माथ्यावरील लेण्यांत सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख असून त्यांत यज्ञांच्या दक्षिणांचे आंकडे आहेत. जवळच मोठा दगडी रांजण आहे, त्यास लोक जकातीचा रांजण म्हणतात. सातवाहनांची राजधानी पैठण आणि समुद्र यांच्यामध्यें हें शहर वसलें तें या वाटेमुळेंच.

त्या व्यापाराचे साक्षी शहराभोंवतीं डोंगरांत बसले आहेत. तुळजा लेण्यांतील बारा खांबांचें वर्तुळाकार चैत्यगृह सर्वांस ठाऊक आहे. पण नगररचनेच्या दृष्टीनें शिलालेखच अधिक बोलके आहेत. धान्य विकणारे, बांबूचें काम करणारे, कांसार यांच्या श्रेणींचीं दानें त्यांत नोंदलीं आहेत. इरिल, चिट व चंद हे तीन दाते स्वतःस यवन म्हणवितात. आणि मानमोडीवरील लेखांत महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचें वर्ष ४६ मधील दान आहे. दाते राहत होते शहरांत, त्यांचीं नांवें मात्र उरलीं डोंगरावर. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं ग्रीक ग्रंथांतील तगर म्हणजे जुन्नर, असें मानलें होतें. तो मान पुढें फ्लीट यांच्या शोधानें धाराशिव जिल्ह्यांतील तेर या गांवास गेला. तरी जुन्नराचें कांहीं बिघडलें नाहीं. डेक्कन कॉलेजनें २००५ ते २००७ या वर्षांत येथें केलेल्या संशोधनानें सातवाहनकालीन वस्तीचा पुरावा प्रत्यक्ष जमिनींतून पुढें आणला आहे.

कागद्यांच्या वस्तीचा उल्लेख टाळतां येणार नाहीं. मराठी दप्तरें हाताळणाऱ्यास जुन्नरी कागद ओळखून सांगावा लागत नाहीं. ज्या शहराच्या कागदावर इतरांचा इतिहास लिहिला गेला, त्या शहराचा स्वतःचा नकाशा मात्र कोणी कागदावर उतरविला नाहीं.

शहरास तट होता याची साक्ष १६५७ च्या हल्ल्यांत मिळते. शिवाजी महाराजांचे लोक रात्रीं दोराच्या शिड्या लावून तटावर चढले, आणि तीन लक्ष होन व दोनशें घोडे घेऊन गेले. ज्या शिवनेरीवर महाराजांचा जन्म झाला तिच्या पायथ्याची ही पेठ त्या वेळीं मोगलांकडे होती, व किल्लाही. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकांत फ्रायर हा इंग्रज वैद्य येथें आला, तेव्हांही अंमल मोगलांचाच होता. तो किल्ल्यावर चढून किल्लेदारास भेटला होता.

शेवटीं शिवनेरीच्या पूर्वेच्या कड्यावरून शहर पाहावें. पायाखालीं बौद्ध लेणीं, समोर पेठा, दूर हापूसबागेचा घुमट. पेठांतून जुने वाडे उतरवून त्या जागीं सिमेंटच्या इमारती होत आहेत, आणि बांधकामासाठीं दोन घरांमधील बोळ बुजला कीं रस्त्याची जुनी रेषाही जाते. हें थांबविणें संशोधकाच्या हातीं नाहीं. परंतु जुन्या खरेदीखतांतून व वांटणीपत्रांतून घराच्या चतुःसीमा लिहिलेल्या असतात: पूर्वेस अमक्याचें घर, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस बोळ. अशीं पन्नास पत्रें एकत्र लावलीं तर एका पेठेची आंखणी उभी राहूं शकेल. ज्या घरांत जुन्नरच्या पेठांतील मोडी खतें असतील त्यांनीं तीं रद्दींत जाऊं न देतां त्यांच्या नकला करवून घ्याव्या, व आरंभ कल्याण पेठेपासून करावा.